ठाकुर्लीच्या गॅलरीत ब्लूबेरी : वाण निवडताना थंडीचा हिशेब

ठाकुर्ली, प्रतिनिधी – सव्वाशे ग्रॅमच्या पारदर्शक डबीतून येणारी ब्लूबेरी आता कल्याण-डोंबिवलीच्या बाजाराला नवखी राहिलेली नाही. मॉलमध्ये, मोठ्या फळविक्रेत्यांकडे आणि मोबाइलवरून घरपोच माल देणाऱ्यांकडे ती सहज मिळते. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अमेरिकेतून येणाऱ्या ब्लूबेरीवरील आयात शुल्क कमी करण्याचे मान्य केल्यानंतर तिची चर्चा आणखी वाढली. मूठभर फळांची किंमत पाहिल्यावर ‘हे झाड घरीच लावले तर?’ असा प्रश्न गॅलरीत तुळस, मोगरा आणि कढीपत्ता जोपासणाऱ्या कुटुंबांना पडणे साहजिक आहे. ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यालगत उभ्या राहिलेल्या संकुलांमध्ये गच्ची आणि गॅलरी हीच काय ती बाग. त्यामुळे झाड लावायचे ते कुंडीतच, हेही ओघाने आलेच.

ब्लूबेरीची रोपे मागवता येतात, ती घरपोचही येतात. पुढचा अनुभव मात्र बऱ्याचदा सारखाच असतो. हिवाळ्यात रोप टवटवीत दिसते, मार्च-एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपतात, मे महिन्यात पाने पिवळी पडतात आणि ऑगस्टच्या संततधारेत मुळे कुजून झाड मरते. ‘आपला हात लागत नाही’ असे म्हणून कुंडी रिकामी केली जाते. खरे तर चूक रोप विकत घेतानाच झालेली असते. ब्लूबेरी हे एक झाड नसून निरनिराळ्या हवामानांसाठी तयार झालेल्या अनेक वाणांचे कुटुंब आहे. त्यातील बहुसंख्य वाण ठाकुर्लीत कधीही फळणार नाहीत, मग निगा कितीही राखली तरी.

थंडीचे तास म्हणजे काय?

कोकणातल्या आंबा बागायतदाराला थंडीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. डिसेंबरच्या रात्री गार झाल्या की हापूसला मोहोर येतो, थंडी लांबली की मोहोरही लांबतो. ब्लूबेरीची गरज याच जातीची, परंतु कितीतरी अधिक कडक आहे. मूळच्या उत्तर अमेरिकेतील या झुडपाची पाने हिवाळ्यात गळतात आणि ते झोपी जाते. ठरावीक काळ थंडी मिळाल्याखेरीज त्याच्या कळ्या जाग्या होत नाहीत. शून्य ते ७.२ अंश सेल्सिअस या तापमानात गेलेला एक तास म्हणजे थंडीचा एक तास, असा हिशेब फळबागशास्त्रात साधारणपणे धरला जातो. वाणाला लागणारे असे तास हिवाळाभरात भरले नाहीत, तर पालवी उशिरा आणि विरळ फुटते, फुले तुरळक येतात आणि काही वर्षांत झाड खंगत जाते.

आता ठाकुर्लीचा हिशेब पाहू. मुंबईत सांताक्रूझ वेधशाळेत नोंदले गेलेले आजवरचे नीचांकी तापमान ७.४ अंश आहे आणि ते २२ जानेवारी १९६२ रोजीचे आहे. म्हणजे मुंबईच्या इतिहासातील सर्वांत थंड रात्रही ब्लूबेरीच्या व्याख्येत बसली नाही. ठाकुर्ली समुद्रापासून आत असल्याने येथील रात्री मुंबईपेक्षा काहीशा गार असतात आणि बदलापूर-कर्जतकडे त्या आणखी गार होतात. तरीही जानेवारीत येथील किमान तापमान बहुतेक रात्री चौदा ते अठरा अंशांदरम्यान असते. थोडक्यात, थंडीच्या तासांचा येथील आकडा जवळजवळ शून्य आहे. वाण निवडताना हा शून्य समोर ठेवूनच पुढे जावे लागते.

तीन गट आणि त्यांचे गणित

बाजारातील वाण ढोबळमानाने तीन गटांत मोडतात. पहिला गट उत्तरी हायबुश. ‘ब्लूक्रॉप’, ‘ड्यूक’ ही यातील प्रसिद्ध नावे. त्यांना आठशे ते हजार तासांची थंडी लागते. काश्मीर वा हिमाचलच्या उंच भागांत त्यांचा विचार होऊ शकतो; ठाकुर्लीत त्यांच्यावर खर्च केलेला प्रत्येक रुपया वाया जातो. इंटरनेटवर सर्वाधिक गुणगान याच वाणांचे वाचायला मिळते, कारण ते लिहिणारे थंड प्रदेशातील असतात. ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

दुसरा गट रॅबिटआय. अमेरिकेच्या आग्नेय भागातील ही झुडपे काटक आणि उष्णता सोसणारी आहेत. जॉर्जियातील टिफ्टन गावावरून नाव पडलेला ‘टिफब्लू’, तसेच ‘क्लायमॅक्स’ व ‘ब्राइटवेल’ हे यातील परिचित वाण. ‘उष्ण हवामानासाठी योग्य’ असा शिक्का त्यांच्यावर बऱ्याचदा मारलेला असतो आणि तो खोटाही नाही. परंतु तेथील उष्ण हवामानातही हिवाळ्यात गोठवणाऱ्या रात्री येतात. या वाणांना साधारण साडेतीनशे ते सातशे तास थंडी लागते. शिवाय परागीभवनासाठी बहुधा दुसऱ्या वाणाचे झाड शेजारी असावे लागते. झाड जगेल, हिरवे राहील, फळणार मात्र नाही. फसगत सर्वाधिक होते ती याच गटात.

तिसरा गट दक्षिणी हायबुश. ठाकुर्लीकराने पाहायचा तो हाच. फ्लोरिडात रानात वाढणारी ‘डॅरोई’ नावाची सदाहरित ब्लूबेरी उत्तरेकडच्या हायबुशशी संकरित करण्याचे काम फ्लोरिडा विद्यापीठात राल्फ शार्प यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास सुरू केले. त्यातून कमी थंडीत फळणारे वाण निर्माण झाले. १९७० च्या दशकात आलेल्या ‘शार्पब्लू’ या वाणाच्या नावात त्यांचेच नाव गुंफलेले आहे. पुढे ‘मिस्टी’, ‘एमराल्ड’, ‘ज्युएल’ असे वाण आले. अमेरिकी कृषी खात्याने मिसिसिपी राज्यातील आपल्या केंद्रातून १९९८ मध्ये ‘बिलॉक्सी’ हा वाण प्रसारित केला. या गटातील सर्वच वाण एकसारखे नाहीत. ‘स्टार’ आणि ‘ओनील’ यांना चारशेच्या आसपास तास लागतात. ‘एमराल्ड’ व ‘ज्युएल’ यांना दोनशे-अडीचशे, तर ‘बिलॉक्सी’, ‘शार्पब्लू’, ‘मिस्टी’ आणि ‘सनशाइन ब्लू’ यांना दीडशे-दोनशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी.

दीडशे आणि शून्य यांतील अंतर

वाचकांच्या मनात येथे शंका येईल. सर्वांत कमी मागणी दीडशे तासांची आणि ठाकुर्लीत तर ते शून्य. मग हे वाण तरी कसे फळणार? याचे उत्तर ‘सदाहरित पद्धती’त आहे. ‘बिलॉक्सी’सारखे वाण पुरेशी थंडी न मिळाल्यास पूर्णपणे झोपी जातच नाहीत. त्यांची पाने टिकून राहतात आणि दिवस लहान होऊन रात्री काहीशा गार झाल्या की कळ्या धरतात. पेरूच्या किनारपट्टीवर आणि मध्य मेक्सिकोत हीच पद्धत वापरून, जवळजवळ थंडीविना, व्यापारी शेती उभी राहिली. गेल्या दशकभरात पेरू हा ब्लूबेरीच्या निर्यातीत जगातील आघाडीचा देश बनला, तो अशाच वाणांच्या जोरावर.

परंतु ‘पेरूत पिकते म्हणजे ठाकुर्लीतही पिकेल’ हा निष्कर्ष घाईचा ठरेल. पेरूच्या किनाऱ्यावर पाऊस नावापुरता पडतो, समुद्रातील थंड प्रवाहामुळे हवा सौम्य राहते आणि वाळूच्या जमिनीत ठिबकने मोजून पाणी दिले जाते. ठाकुर्लीत चार महिने मुसळधार पाऊस, मे महिन्यात रात्रीही सत्तावीस-अठ्ठावीस अंश तापमान आणि त्यानंतर ‘ऑक्टोबर हीट’ असा क्रम असतो. निसर्ग येथे एकच सवलत देतो. डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा होतो आणि दीड-दोन महिने रात्री सुखद गार असतात. कळी धरण्यासाठी मिळणारी संधी तेवढीच. ब्लूबेरीची गोत्रबंधू असलेली रानझुडपे निलगिरीच्या डोंगरांतही आढळतात, पण ती उंचावरच्या गार, आम्लधर्मी मातीत. खाली सपाटीवर उतरत नाहीत, हेही बोलके आहे.

मग निवड कोणती?

हा सर्व विचार करता ठाकुर्लीतील कुंडीसाठी पहिली पसंती ‘बिलॉक्सी’ला द्यावी लागेल. थंडीविना फळण्याचा सर्वाधिक व्यापारी अनुभव याच वाणाच्या नावावर जमा आहे. ते उभट आणि जोमाने वाढते, त्यामुळे अरुंद गॅलरीत मावते. छाटणी मात्र नेमाने करावी लागते. फळ मध्यम ते लहान, चवीला चांगले.

सोबतीला ‘मिस्टी’ किंवा ‘शार्पब्लू’ यांपैकी एक असावे. दक्षिणी हायबुश वाण काही प्रमाणात स्वतःच्या परागावर फळतात. तथापि दोन भिन्न वाण शेजारी असल्यास फळधारणा वाढते आणि फळही मोठे होते. ‘मिस्टी’ फुले इतकी धरते की झाडाला तो भार पेलवत नाही; काही कळ्या खुडाव्या लागतात. ‘शार्पब्लू’चे फळ मऊ असल्याने दूरच्या बाजारात ते मागे पडले, परंतु झाडावरून थेट तोंडात जाणाऱ्या फळाला वाहतुकीची चिंता नसते.

जागा अगदीच कमी असेल तर ‘सनशाइन ब्लू’ पाहावे. तीन-चार फुटांवर न जाणारे हे ठेंगणे झुडूप एकटेही फळते आणि मातीच्या आम्लतेबाबत इतरांहून थोडे सहनशील मानले जाते. ‘एमराल्ड’ व ‘ज्युएल’ यांची फळे मोठी, पण थंडीची मागणी किंचित अधिक. ती दुसऱ्या टप्प्यात अजमावून पाहण्याजोगी आहेत.

वाणाहूनही मोठा प्रश्न मातीचा

ब्लूबेरीच्या लागवडीचे शास्त्र मुळात मातीतूनच सुरू झाले. अमेरिकी कृषी खात्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९१० मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. सुपीक बागायती मातीत ब्लूबेरी मरते आणि नापीक समजल्या जाणाऱ्या आम्लधर्मी मातीत ती जोमाने वाढते, हे त्यांनी दाखवून दिले. ते वाचून न्यू जर्सीतील एलिझाबेथ व्हाइट यांनी आपल्या शेतावर त्यांना पाचारण केले आणि १९१६ मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचे पहिले पीक बाजारात गेले. त्यापूर्वी हे फळ केवळ रानातून गोळा केले जात असे.

मातीची आम्लता ‘सामू’ या आकड्याने मोजतात. सात म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी. ब्लूबेरीला साडेचार ते साडेपाच सामू लागतो. आकड्यातील एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दसपट फरक, हे लक्षात घेतले की साडेसहा सामू असलेली ‘चांगली’ कुंडी तिच्यासाठी किती परकी आहे ते कळते. सामू वाढला की मातीतील लोह मुळांना घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागतात. खत कमी पडले असे समजून मग आणखी खत घातले जाते आणि झाड लवकर मरते.

घरगुती बागकामातील चांगल्या सवयी येथे घातक ठरतात. राख, अंड्याची टरफले, चुना हे पदार्थ सामू वाढवतात. भरपूर शेणखतानेही तेच होते आणि क्षारांची भर पडते ती वेगळीच. रोपवाटिकेतील लाल माती पावसात घट्ट बसते. ब्लूबेरीच्या मुळांना केसमुळे नसतात, ती सुतासारखी नाजूक असतात, घट्ट मातीत ती गुदमरतात. म्हणून कुंडीत साधी माती घालूच नये. पीट मॉस निम्मे आणि उरलेल्या निम्म्यात चीडच्या सालीचे तुकडे, पर्लाइट किंवा भाताचे तूस असे मिश्रण चालते. कोकोपीट स्वस्त पडते, पण पीट मॉसइतके आम्लधर्मी नसते. ते वापरायचे झाल्यास दोन-तीनदा धुऊन त्यातील क्षार काढावेत आणि थोडे गंधक मिसळून कुंडी महिना-दोन महिने आधीच तयार ठेवावी. गंधकाचे आम्लात रूपांतर मातीतील जिवाणू करतात आणि त्याला वेळ लागतो.

नळाचे पाणी, बोअरचे पाणी

मिश्रण अचूक जमले तरी रोजचे पाणी ते हळूहळू बिघडवते. ठाकुर्ली परिसराला उल्हास खोऱ्यातील पाणी मिळते आणि उन्हाळ्यात बऱ्याच सोसायट्या बोअर व टँकरवर अवलंबून असतात. बोअरच्या जड पाण्यातील बायकार्बोनेट कुंडीत साचत जाते आणि सामू वर चढतो. बादलीच्या तळाशी किंवा नळाच्या तोटीवर पांढरा थर धरत असेल, तर ते पाणी ब्लूबेरीला तसेच देऊ नये. मत्स्यालयाच्या दुकानात सामू तपासण्याचे द्रावण मिळते. त्याने पाणी तपासून, किराणा दुकानातील लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक अॅसिड थोडे थोडे घालत सामू साडेपाचच्या आसपास आणावा. पावसाचे पाणी सर्वांत उत्तम. मात्र पिंपात साठवल्यास ते घट्ट झाकावे, अन्यथा ब्लूबेरीआधी डेंग्यूचे डास घरात येतील.

खत अमोनियम सल्फेटचे, तेही वाढीच्या काळात अगदी चिमूटभर. या झाडाला अमोनियाच्या रूपातील नत्र मानवते, नायट्रेट फारसे वापरता येत नाही.

वर्षाचे वेळापत्रक

लागवड पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरचा उकाडा ओसरताना करावी. सुरुवातीला दहा-बारा इंची कुंडी पुरते. दोन-तीन वर्षांत चाळीस-पन्नास लिटरची लागते. कुंडी फिकट रंगाची असावी, काळे प्लास्टिक उन्हात मुळे भाजून काढते. पहिल्या वर्षी आलेली फुले खुडून टाकावीत. पुढे डिसेंबर-जानेवारीत फुले आणि त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी फळे, असा क्रम बसला तर एप्रिलच्या काहिलीआधी फळे हाती लागतात.

फुले लहानशा पांढऱ्या घंटेसारखी असतात आणि परागकोशातून पराग बाहेर पडण्यासाठी ती थरथरावी लागतात. हे काम भुंगे करतात. आठव्या-दहाव्या मजल्यावर ते क्वचितच पोहोचतात, म्हणून विजेवर चालणारा टूथब्रश फुलाच्या देठाला हलकेच टेकवण्याची युक्ती योजली जाते. फळे निळसर होऊ लागताच बुलबुल हजर होतात. त्यासाठी जाळी हवी.

सकाळचे ऊन मिळणारी पूर्वेची गॅलरी आदर्श. पश्चिमेच्या गॅलरीत मार्चपासून हिरवी शेडनेट लावावी. फळे संपल्यावर हलकी छाटणी करावी आणि जूनमध्ये कुंड्या छपराखाली घ्याव्यात. पावसाळ्यातील मुळकूज हे या झाडाच्या मरणाचे येथील सर्वांत संभाव्य कारण आहे. भिजलेल्या मोठ्या कुंडीचे वजन चाळीस किलोंच्या पुढे जाते. अशा कुंड्या खिडकीच्या ग्रिलवर ठेवणे धोक्याचे आहे. जुलै २०१५ मध्ये इमारत कोसळून झालेली जीवितहानी ठाकुर्ली विसरलेली नाही. जुन्या इमारतींच्या गच्चीवर भार वाढवण्यापूर्वी सोसायटीशी बोलणे अगत्याचे आहे.

रोप घेताना विचारायचे प्रश्न

वाणाचे नाव काय, हा पहिला प्रश्न. ‘ब्लूबेरी’ एवढेच उत्तर मिळाले तर रोप घेऊ नये. ते छाटाचे वा ऊतिसंवर्धित आहे की बियांचे, हा दुसरा. बियांपासून वाढवलेल्या रोपात आईचे गुण उतरतीलच असे नाही आणि फळासाठी काही वर्षे थांबावे लागते. त्यामुळे पाकिटातून विकले जाणारे ब्लूबेरीचे बी म्हणजे निव्वळ नशिबाचा खेळ. ते वाढले कोठे, हा तिसरा. फळांनी लगडलेले रोप पाहून भुलू नये. ती फळे जेथे रोप वाढले तेथील हवामानाची ग्वाही देतात, ठाकुर्लीच्या नव्हे.

अपेक्षा किती ठेवावी?

अनुकूल हवामानात पूर्ण वाढलेले झुडूप दोन-चार किलो फळे देते. ठाकुर्लीत सर्व काही जमून आले तरी हंगामात काही मुठी मिळाल्या तर प्रयोग यशस्वी झाला असे मानावे. पैशाच्या हिशेबात बाजारातील डबीच स्वस्त पडेल.

अर्थात, कमी थंडीच्या वाणांनी अशक्य वाटणाऱ्या गोष्टी घडवल्या आहेत. हिमाचलमधील बिलासपूरचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी सखल भागात फळणारा ‘एचआरएमएन ९९’ हा सफरचंदाचा वाण शोधला. तो महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पोहोचला आणि २०२५ मध्ये शर्मा यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. प्रयोग करणाऱ्यांना त्यातून उमेद मिळावी. मात्र वाण नेमका निवडला गेल्यानेच ते घडले, हेही विसरू नये.

मुलांनी गॅलरीतले फळ तोडून खावे एवढीच इच्छा असेल, तर तुती, फालसा आणि करवंद ही झाडे येथील ऊन-पावसाला सरावलेली आहेत. तुती तर कुंडीतही छाटणीनंतर वर्षातून एकाहून अधिक वेळा फळते. तिला ना थंडीचे तास लागतात, ना लिंबूसत्त्व.

आणि ब्लूबेरीच लावायची असेल, तर रोपाआधी एक साधी खरेदी करावी. दिवसाचे किमान व कमाल तापमान दाखवणारा थर्मामीटर या हिवाळ्यात गॅलरीत टांगावा आणि डिसेंबर-जानेवारीतील आकडे वहीत लिहावेत. रात्री सलग काही आठवडे पंधरा अंशांच्या आसपास उतरत असतील, तर पुढच्या ऑक्टोबरात ‘बिलॉक्सी’ आणि ‘मिस्टी’ची जोडी आणायला हरकत नाही. चारी बाजूंनी काँक्रीटने वेढलेल्या गॅलरीत पारा वीसच्या खाली येतच नसेल, तर ते पैसे तुतीवर खर्च करावेत.